हिवाळी सुट्टीत बर्फाचे डोंगर कुठून पाहावेत? रोपवे, रेल्वे, गावातला मुक्काम की पायवाट

बर्फाचे डोंगर बघायचे ठरलं की पहिला प्रश्न येतो उंचीचा: सगळ्यात वर कुठपर्यंत जाता येतं? डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीपुरतं बोलायचं तर हा प्रश्न मागाहून विचारला तरी चालेल. आधी हे बघा, की ढग हटेपर्यंत आणि हव्या त्या कड्यावर ऊन येईपर्यंत तुम्हाला तिथे थांबता येणार आहे का. या दिवसांत दिवस लहान असतो, सूर्य फार वर चढत नाही आणि हवा तासातासाला रंग बदलते. ३,८०० मीटरवर जाऊन पांढऱ्या धुक्यात वीस मिनिटं कुडकुडणारे आणि खाली १,६०० मीटरवरच्या गावात खिडकीशी बसून गुलाबी होत जाणारं शिखर बघणारे लोक एकाच दिवशी, एकाच डोंगराच्या आसपास असतात.

आधी उन्हाचा हिशोब

२१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य किती वर असेल हे काढणं सोपं आहे. ९० मधून त्या जागेचा अक्षांश वजा करा, मग आणखी साडेतेवीस वजा करा. काश्मीरमध्ये (अक्षांश ३४) उत्तर येतं साधारण साडेबत्तीस अंश, आल्प्समध्ये वीसच्या आसपास आणि नॉर्वेतल्या बर्गनला जेमतेम सहा. म्हणजे आल्प्समधल्या एखाद्या गावाच्या दक्षिणेला वीस अंशांहून उंच दिसणारा कडा असेल, तर तिथे भर दुपारीही ऊन उतरत नाही. इटलीतलं व्हिगानेला हे गाव ११ नोव्हेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंत असं सावलीत असायचं. शेवटी २००६ मध्ये समोरच्या डोंगरावर मोठा आरसा बसवून त्यांनी चौकात ऊन आणलं. नॉर्वेतल्या र्‍युकाननेही २०१३ मध्ये तेच केलं.

मुक्कामाची जागा निवडताना नकाशावर एवढंच बघा: जे शिखर पाहायचंय ते गावाच्या कोणत्या बाजूला आहे? उत्तरेला किंवा पूर्वेला असेल तर त्याची आपल्याकडची बाजू उजळते आणि संध्याकाळचा रंगही तिच्यावर चढतो. दक्षिणेला असेल तर दिवसभर ऊन आपल्या डोळ्यांत आणि डोंगर मात्र काळपट आकृतीसारखा. शामोनीहून माँ ब्लाँ दक्षिणेकडे आहे, म्हणून ऐन हिवाळ्यात दुपारी तिथून काढलेले फोटो निराश करतात. (हे सगळं उत्तर गोलार्धापुरतं. न्यूझीलंड किंवा चिलीच्या जून-जुलैमध्ये उत्तर-दक्षिण उलट करून वाचा.)

रोपवे: विस्तार बघायचा असेल तर

फ्रान्समधल्या एग्विल द्यू मिदीचा रोपवे शामोनीहून, म्हणजे १,०३५ मीटरवरून, सुमारे वीस मिनिटांत ३,७७७ मीटरवर नेतो. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत २,६५० वरून अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. चालायची ताकद नसलेल्यालाही थेट हिमरेषेच्या वर उभं राहता येतं, ही रोपवेची खरी कमाई.

त्याची किंमतही वरच मोजावी लागते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे २,७०० मीटरच्या फरकात खालच्यापेक्षा सतरा-अठरा अंश जास्त थंडी धरून चाला. त्यात वारा. उणे १० अंशात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी बोचते. ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. दोनेक तासांच्या भेटीत बहुतेकांना डोकेदुखी, जिना चढताना धाप आणि थोडी गरगर एवढ्यावर भागतं. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. तान्ह्या बाळाला कान मोकळे करता येत नाहीत, त्याला मधल्या स्थानकापर्यंतच न्यावं.

दुसरी अडचण वाऱ्याची. वारा वाढला की आधी वरचा टप्पा बंद होतो, आणि सुट्टीच्या गर्दीत सगळी रांग खालच्या टप्प्यावर तुंबते. त्यामुळे अमुक तारखेचं न बदलता येणारं तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवण्यात जोखीम आहे. तारीख बदलता येत असेल तर जरूर काढा, नाही तर आदल्या संध्याकाळी हवामान बघून.

रोपवे पैसावसूल ठरतो तो एका विशिष्ट दिवशी. शांत, निरभ्र रात्री थंड जड हवा दरीत साचते, खाली धुकं धरतं आणि वर लख्ख ऊन असतं. हा दिवस ओळखण्याची खूण अशी: सकाळी स्थानकांची तापमानं बघा. वरचं किंवा मधलं स्थानक दरीपेक्षा उबदार दाखवत असेल तर दुसरा विचार न करता वर जा. पायाखाली ढगांचा समुद्र आणि त्यातून वर आलेली शिखरं, हे दृश्य गावात बसून मिळत नाही. उलट, ढग वरून दाटून आले असतील आणि वेबकॅमवर नुसता राखाडी चौकोन दिसत असेल, तर "वर जाऊन उघडेल" या आशेवर जाऊ नका.

एक मात्र आमचं मत, पटलं तर घ्या. शिखरावरून डोंगर उंच वाटत नाहीत. ते आपल्या बरोबरीला किंवा खाली असतात, म्हणून विस्तार दिसतो पण दरारा जाणवत नाही. डोंगराची भव्यता अंगावर यायची असेल तर त्याच्या पायथ्याशी उभं राहावं लागतं.

रेल्वे: थंडी सोसत नसेल तर

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दात्यांची पर्वतरेल्वे (रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाकाचे दाते अडकवत चढणारी), जी वर नेऊन सोडते. झेरमाटहून गोर्नरग्राटला जाणारी गाडी १८९८ पासून धावतेय, १,६०४ मीटरवरून ३,०८९ मीटरवर. लोंबकळत्या डब्याची भीती वाटणाऱ्यांसाठी आणि वाऱ्यामुळे रोपवे बंद असलेल्या दिवसासाठी हा चांगला पर्याय, शिवाय मधल्या स्थानकांवर उतरता येतं.

दुसरी घाटातून आरपार जाणारी गाडी. स्वित्झर्लंडमधली बर्निना लाईन दात्यांशिवाय, हजार मीटरला ७० मीटर असा चढ चढून २,२५३ मीटरवरची खिंड ओलांडते. तिथे मोठ्या बंद काचांच्या खास डब्यांची जाहिरात जास्त होते, पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात आणि फोटोसाठी त्या सरस, कारण काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. बंद काचेत डब्यातला दिवा आणि समोरच्या माणसाचं लाल जॅकेट दिसत राहतं. काचच असेल तर लेन्स तिला टेकवा आणि भोवती गडद मफलर धरा.

जागा निवडताना सूर्याच्या विरुद्ध बाजूची घ्या. उन्हाने उजळलेले उतार त्या बाजूला दिसतात आणि डोळेही दिपत नाहीत. गाडी पश्चिमेला जात असेल तर दुपारी उजवी बाजू.

वेळापत्रक बघताना नेमकी चूक इथे होते: प्रवास किती तासांचा हे बघितलं जातं, उजेडात किती हे नाही. ऑस्लो-बर्गन प्रवास साधारण सात तासांचा आणि डिसेंबरात तिथे दिवस सहा तासांचाही नसतो. दुपारच्या गाडीत बसलात तर १,२२२ मीटरवरचं फिन्से आणि आजूबाजूचं बर्फाचं पठार काळोखात निघून जाईल. सकाळची गाडी घ्या. आणि बोगदे धरून चाला: नजारा सुरू झाला म्हणून मोबाईल काढेपर्यंत अंधार, हे व्हायचंच.

काश्मीर खोऱ्यातली बनिहाल-बारामुल्ला गाडी या प्रकारात जरा वेगळी. ती खिंड चढत नाही. बर्फाने झाकलेल्या सपाट शेतांतून जाते आणि डोंगर लांब राहतात. ताज्या बर्फानंतर छान, एरवी साधी.

गावातला मुक्काम: बहुतेकांसाठी हाच

किमान तीन रात्री असतील तर आम्ही मुक्कामाच्या बाजूने. तीन रात्रींत एखादी सकाळ तरी स्वच्छ मिळण्याची शक्यता बरीच वाढते, आणि जी दृश्यं सर्वांत सुंदर ती दिवसाच्या दोन टोकांना असतात, जेव्हा रोपवे एकतर सुरू झालेला नसतो किंवा शेवटची खेप उतरलेली असते. सूर्य मावळण्याच्या आधी-नंतरची दहा-पंधरा मिनिटं शिखरं केशरी, मग गुलाबी होतात. त्यानंतर अर्धा तास सगळा बर्फ निळसर. हे बघायला गच्ची किंवा पश्चिमेला न उघडणारी खिडकी पुरते. खोली घेताना "डोंगर दिसतो का" एवढंच विचारू नका, खिडकी कोणत्या दिशेला उघडते ते विचारा.

बर्फ पडून गेल्यावरची पहिली सकाळ फुकट घालवू नका. झाडांवरचा बर्फ फार टिकत नाही. ऊन लागलं किंवा वारा सुटला की फांद्या दुपारपर्यंत मोकळ्या होतात. ऊन झाडांवर पोहोचायच्या आत बाहेर पडायचं. त्या वेळी कोरड्या बर्फावर पाय पडला की करकर आवाज येतो. आवाज न येता पाय मऊ रुततो तेव्हा समजावं की तापमान शून्याजवळ आहे आणि झाडं लवकरच रिकामी होणार.

मुक्कामाची कमकुवत बाजू एकच, पण मोठी: नाताळापर्यंत खालच्या गावात पुरेसा बर्फ असेलच असं नाही. उंच डोंगरांत बर्फाचा थर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जाड असतो. डिसेंबरच्या शेवटी तो नुकता जमायला लागलेला असतो. सुट्टी हलवता येत नसेल तर आल्प्समध्ये १,५०० मीटरच्या वरचं गाव घ्या. हिमालयात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींवर सगळं अवलंबून असतं. काश्मीरची चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, चिल्लई कलां, २१ डिसेंबरला सुरू होते, त्यामुळे जानेवारीचा मध्य हा डिसेंबरच्या शेवटापेक्षा सुरक्षित डाव.

स्वतःची गाडी असेल तर सावलीतली वळणं आणि पूल जपून. तापमान शून्याच्या आसपास असताना तिथे न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायच्या, आणि लावायची तालीम घरी कोरड्या जमिनीवर करायची, बधिर बोटांनी अंधारात नव्हे. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी मागचा धुराचा नळ मोकळा करा. तो बर्फाने बुजला तर विषारी वायू गाडीत शिरतो.

पायवाट: जवळून बघायचं असेल तर

हिवाळ्यासाठी दाबून तयार केलेली, खुणा लावलेली पायवाट आणि मोकळ्या बर्फातून स्नोशूज (पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळ) घालून जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीवर चांगले बूट आणि दोन काठ्या पुरतात, आजी-आजोबाही जातात. दुसरीत ताज्या बर्फात ताशी दोन किलोमीटरही जड जातात. स्नोशूजचं माप पावलावरून नव्हे, वजनावरून घ्यायचं, पाठीवरची पिशवी धरून. पट्ट्याची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा, नाही तर ती दुसऱ्या पायात अडकून तोंडावर पाडतात.

खरा धोका हिमस्खलनाचा. सुटणारा थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असतो, आणि अडकलेल्यांपैकी बहुतेकांनी किंवा त्यांच्यासोबतच्या कोणीतरी तो स्वतःच्या वजनाने सोडलेला असतो. १:२५,००० च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला असतील तर दोन रेषांत दीड मिलिमीटरहून कमी अंतर म्हणजे तीस अंशांच्या आसपास किंवा जास्त. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार आहे का तेही बघा. धोक्याची पातळी एक ते पाच अशी जाहीर होते. तीनला "मधली" समजून निघणारे फसतात. सोबत जाणकार वाटाड्या, प्रत्येकाकडे गाडलेल्याचा संदेश पकडणारं शोधयंत्र, बर्फात खुपसून बघायची सळई आणि फावडं नसेल तर खुणांची पायवाट सोडू नका. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच बरीच आशा असते, बाहेरची मदत तोवर पोहोचत नाही.

चढताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे ठेवा. घामाने भिजलेला सुती बनियन थांबल्यावर अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. मोज्यांच्या दोन जोड्या कोंबून बूट घट्ट केला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

कुठूनही बघितलंत तरी

ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल हवा: श्रेणी तीनचा, उंचावर चारचा (आकडा जितका मोठा तितकी काच गडद). चारचा घालून गाडी चालवायची नाही. डोळ्यांची जळजळ काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. नाकावर किंवा कानावर पांढरा बधिर चट्टा दिसला तर बर्फाने चोळू नका, उबदार तळवा टेकवा. कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो, एक्स्पोजर एक ते दीड पायरी वाढवा. बॅटरी आतल्या खिशात ठेवा, आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.

हातात एकच दिवस असेल तर

आदल्या रात्री काही ठरवू नका. सकाळी आठला वरचा वेबकॅम आणि दोन्ही तापमानं बघा. वर स्वच्छ आणि वारा मंद: रोपवे, पहिल्या तासातच. वर ढग पण खाली बर्फ पडतोय: जंगलातली खुणांची पायवाट, कारण झाडांत दृश्य पन्नास मीटरवर संपलं तरी ते बघण्यासारखं असतं. वारा जोरात किंवा सोबत थंडी न सोसणारं कोणी: रेल्वे. आणि काहीही निवडलं तरी परतीची शेवटची खेप किती वाजता सुटते ते वर गेल्यावर नाही, तिकीट काढतानाच विचारा. हिवाळ्यात ती बऱ्याच ठिकाणी सूर्यास्ताच्या आधीच असते.