१७ इंची गॅसचा ग्रिडल: अख्खा सीझन लँबोच्या पार्किंगमध्ये वापरून झाल्यावर

हा ग्रिडल, म्हणजे खाली गॅस असलेला मोठा सपाट तवा, ऑगस्टमध्ये घेतला होता, आता जानेवारी संपत आला म्हणून सावकाश लिहितोय. आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला राहतो, ग्रीन बे आमच्यापासून गाडीने साधारण दोन तास, आणि यंदा तिथल्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या घरच्या, म्हणजे लँबो स्टेडियमवरच्या, पाच मॅचेसना आम्ही तीन कुटुंबं मिळून गेलो. टेलगेट ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडायची, टेबल मांडायचं, तिथेच शिजवायचं, खायचं, आणि शेजारच्या गाडीवाल्यांनाही खायला घालायचं. लँबोचं पार्किंग मॅचच्या चार तास आधी उघडतं, म्हणजे दुपारी बाराची मॅच असेल तर सकाळी आठला तिथे हजर.

आधी आमच्याकडे कोळशाची छोटी शेगडी होती. कोळसे फुलायला अर्धा तास, त्यात पोरं भुकेली, आणि आत जायच्या वेळेला निखाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरायचाच. ग्रिडलने हे दोन्ही ताप संपवले. बटण दाबलं की पेटतो, दहा मिनिटांत तवा तापतो, बंद केला की अर्ध्या-पाऊण तासात गार. मी सवाअकराला गॅस बंद करायचा हा नियमच केलाय, कारण गरम तवा गाडीत ठेवून निघायचं नाही म्हणजे नाही.

पण नवीन तवा आणला आणि लगेच स्वयंपाक असं होत नाही हां. आजीचा बिडाचा तवा आठवा, तेच शास्त्र. साबणाने एकदा धुवायचा, कोरडा करायचा, मग अगदी पातळ तेल लावून फुल गॅसवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा, परत तेल, परत धूर. मी पाच वेळा केलं. पहिल्यांदा मी तेल जास्त लावलं तर चिकट पिवळे ठिपके राहिले, ते घासून काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. पाचव्या वेळी तवा काळाकुळकुळीत झाला आणि त्यावर पहिलं थालीपीठ टाकलं ते उलथन्याच्या टोकाने अलगद सुटलं, तेव्हा खरंच बरं वाटलं.

आता खाणं. तिथे सगळीकडे ब्राट, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज, कांदा आणि बिअरमध्ये उकळून मग भाजतात. आम्हीही करतो, पण थर्मामीटर लावून, आत ७१ सेल्सिअस झाल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही, वरून लाल दिसतं म्हणून झालं असं समजू नका. आमचा खरा हुकमी एक्का पावभाजी. भाजी शनिवारी रात्री घरीच करायची, गार करून पिशव्यांत भरायची आणि कूलरमध्ये बर्फावर न्यायची, तिथे तव्यावर ओतून पार खदखदेपर्यंत गरम करायची, वरून अमूल बटर, कोथिंबीर, लिंबू. पाव म्हणून इथले गोडसर हवाईयन रोल वापरतो, तव्याच्या अर्ध्या भागात पाव, अर्ध्या भागात भाजी. ऑक्टोबरच्या मॅचला शेजारच्या गाडीतले आजोबा, डोक्यावर चीजची पिवळी टोपी, वासाने आले, एक पाव खाल्ला, मग बायकोला बोलावून आणलं, आणि जाताना ताज्या चीज कर्ड्सची, म्हणजे चीजच्या छोट्या गोळ्यांची, पिशवी आमच्या टेबलावर ठेवून गेले, दाताखाली चुरचुर वाजणारे. त्यानंतर चौदा माणसांना चाळीस पाव नेत होतो ते आता साठ नेतो.

खरी परीक्षा डिसेंबरची. सकाळी उणे १२ सेल्सिअस, वर वारा. १ पाउंडाच्या हिरव्या छोट्या सिलिंडरवर हा तवा फुल गॅसला हिशोबाने पावणेदोन तास चालायला हवा, तासाभरात ज्योत मिणमिणायला लागली आणि भाजी कोमट. मला वाटलं गॅस संपला, हलवून बघतो तर आत अजून आहे. कारण असं की प्रोपेन आत द्रवरूप असतं, वायू होताना ते सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतं, बाहेर आधीच थंडी, मग सिलिंडर इतका गार होतो की वरून बर्फाचा पांढरा थर चढतो आणि प्रेशर पडतं. पुढच्या मॅचला २० पाउंडाची मोठी टाकी आणि वेगळी नळी घेऊन गेलो, शेवटपर्यंत ज्योत निळी. नोव्हेंबरनंतर या भागात छोट्या सिलिंडरच्या भरवशावर जाऊच नका, आणि सिलिंडर गरम करायला त्याच्याजवळ आग नेणं तर जिवावर बेतेल. त्याच दिवशी आजोबांनी १९६७ च्या ३१ डिसेंबरच्या आईस बोलची गोष्ट सांगितली, उणे २५ ला खेळलेली मॅच, पॅकर्सनी डॅलसच्या काउबॉइज टीमला २१-१७ ने हरवलेलं. त्यांनीच सांगितलं की उभं राहायला खाली जाड पुठ्ठा घ्या, पायाची थंडी निम्मी होते. खरंच होते.

तक्रारी दोन. मागचा तेलाचा ट्रे उथळ आहे, ब्राटची चरबी साठली की गाडीत सांडते, एकदा डिकीचं कार्पेट वाया गेलं, आता जाताना ट्रे रिकामा करून पेपर नॅपकिन कोंबतो. आणि झाकण वेगळं विकत घ्यावं लागलं, तोवर गॅरेजमध्ये कोपऱ्याला गंज धरला होता. तो घासून तेल लावून गेला, पण झाकण सोबतच द्यायला हवं होतं.

स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते, त्यामुळे डबे, चाकू, उरलेलं सगळं गाडीत ठेवायला वेळ धरा, आम्ही पहिल्या मॅचला किकऑफ, म्हणजे मॅचची सुरुवातच, चुकवली होती.

पैसे वसूल, मी पाचपैकी साडेचार देईन. वसंतात मिलवॉकीत ब्रुअर्स या बेसबॉल टीमचे सामने सुरू होतील, तिथलं पार्किंग तर घरापासून पंधरा मिनिटांवर, पहिल्या रविवारी थालीपीठ आणि लोणी ठरलंय.