आठ महिन्यांत पितळ उघडं पडलं, अक्षरशः

सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या खाण्यासाठी विकलं जाणारं पंजाच्या ठशाचं ब्रेसलेट आणि चांदीची कानातली मी एकदमच मागवली. आठ महिने झाले, दोन्ही जवळजवळ रोज वापरात.

ब्रेसलेट पितळेचं, वर सोन्याचा मुलामा. तीन महिने झकास चाललं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे टेबलाला घासतं तिथला मुलामा गेला आणि घाम आला की हातावर हिरवा पट्टा उमटायला लागला. पितळेतल्या तांब्याचा तो प्रताप, साबणाने निघतो. अर्धी चूक माझी, ते घालूनच मी भांडी घासायचे. पण मुलामा किती मायक्रॉन जाडीचा, हे विकणाऱ्यांनी कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकदा कडी उकलून पंजाही पडला, तो मी पकडीने दाबून बसवला.

कानातली 92.5 टक्के चांदीची. काळवंडतात, पण मऊ कापडाने पुसली की पुन्हा लख्ख. मला निकेल चालत नाही, स्वस्तातल्या कानातल्यांनी कान चिघळतात. यांनी काही झालं नाही.

आता त्या चिठ्ठीबद्दल. ब्रेसलेटच्या डबीत होती: 'तुमच्या खरेदीतून 10 वाट्या खाणं.' वाचून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! मग डोक्यात किडा वळवळला, वाटी केवढी? पहिल्या ईमेलला नुसतं बदामाचं चित्र आलं. दुसऱ्याला उत्तर मिळालं: एक वाटी म्हणजे 50 ग्रॅम कोरडं खाणं.

मांडला हिशेब. 10 किलो वजनाच्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाच दिवसाला साधारण 400 किलोकॅलरी लागतात, हिंडताफिरताना 600 च्या पुढे. 100 ग्रॅम कोरड्या खाण्यात मिळतात साधारण 350. म्हणजे रोज पावणेदोनशे ग्रॅम तरी हवंच. माझ्या दहा वाट्या एका कुत्र्याला धड तीन दिवसही पुरत नाहीत. तीन दिवस पोटात अन्न, हे काही थोडं नाही. पण चिठ्ठी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दहा कुत्री जेवत होती.

शिवाय दहा हा आकडाही सरासरीचा. कुत्र्यांचा हिस्सा विक्रीच्या किमतीतून नाही, नफ्यातून निघतो. म्हणजे आधी जाहिरात, डबी, कुरियर, आणि उरलं तर कुत्री. किती टक्के, या माझ्या तिसऱ्या ईमेलला अजून उत्तर नाही.

चिठ्ठीत नाव होतं त्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला फोन केला. खाण्याची पोती खरंच येतात, म्हणाले. पण उपाशी, खंगलेलं कुत्रं आलं की त्याला एकदम पोटभर घालता येत नाही. रक्तातलं फॉस्फरस घसरून जिवावर बेतू शकतं. पहिले काही दिवस थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा भरवावं लागतं. त्यासाठी माणसं लागतात, औषधं लागतात, आणि ती पोत्यातून येत नाहीत. तेव्हापासून दरमहा थोडे पैसे मी थेट तिथेच पाठवते.

ऑफिसात दोघींनी पंजाबद्दल विचारलं. एकीने लगेच मागवलं. दुसरी म्हणाली, "कुत्र्यांना देतेस की दुकानाला?" तेव्हा राग आला होता.

बहिणीच्या वाढदिवसाला कानातली पुन्हा घेतली. ब्रेसलेट नाही घेणार. कानातल्यांना चार तारे, ब्रेसलेटला दोन, चिठ्ठीला एक.