जिओजेब्रा की फेट? आठवीच्या वर्गातून

मेढ्याच्या पुढं आमची शाळा. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही रुसतात, म्हणून जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) आणि फेट (पडद्यावर करायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन) यांच्याबद्दल माझा पहिला प्रश्न एकच: नेट नसताना चालतं का? दोन्ही चालतात, दोन्ही फुकट. जिओजेब्रा एकदा लॅपटॉपवर टाकलं की झालं. फेटचं एकेक सिम्युलेशन उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतं, बरीचशी मराठीतही आहेत.

जिओजेब्रा २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू झालं. त्यात पाटी कोरी मिळते. त्रिकोण काढा, शिरोबिंदू ओढा. कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशच. खडूनं हे दाखवायला दहा त्रिकोण काढावे लागतात. पण आदल्या रात्री तासभर बसून तयारी नसेल, तर वर्गात सरच चाचपडतात. (मी चाचपडलोय, पोरं खुसखुसत होती.)

फेट २००२ चं, कोलोरॅडो विद्यापीठातलं, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेलं. तिथं प्रयोग आयताच मांडलेला. सर्किटमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली की पडद्यावर जाळ होतो. मग काय, अर्धा तास सगळ्यांना जाळच करायचा असतो! तरी ‘शॉर्ट सर्किट’ कुणाला पुन्हा समजवावं लागलं नाही. खरा बल्ब, खरा सेल मात्र हातात द्यायलाच हवा.

लॅपटॉप एकच आणि गुरुजी नवखे असतील, तर फेटपासून सुरुवात करा. भूमितीला जिओजेब्राच, तिथं फेट पुरत नाही.