कावळा न शिवलेली इमारत : ‘स्वीट होम’चे तीन सीझन

‘स्वीट होम’ ही नेटफ्लिक्सवरील कोरियन भयमालिका मी सांगलीच्या गावभागात, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहिली. पत्ता मुद्दाम सांगतो आहे, कारण ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा याच इमारतीत आम्ही पाच दिवस अडकून पडलो होतो. तळमजला पाण्याखाली, मोटर बुडालेली, गच्चीवरची टाकी रिकामी आणि जिन्यात दाटीवाटीने बसलेली चौदा कुटुंबे हे दृश्य ज्याने अनुभवले आहे, त्याला या मालिकेचा पहिला सीझन परका वाटणार नाही.

मालिकेचे मूळ एका वेबटूनमध्ये, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली सरकवत वाचायच्या चित्रकथेत आहे. किम कान-बी यांचे लेखन आणि ह्वांग यंग-चान यांची चित्रे असलेली ही कथा ‘नेव्हर वेबटून’ या कोरियन संकेतस्थळावर 2017 ते 2020 या काळात प्रसिद्ध झाली. ती संपली त्याच वर्षी, 18 डिसेंबर 2020 रोजी, दिग्दर्शक ली उंग-बोक यांनी केलेल्या मालिकेचे पहिले दहा भाग आले. पहिल्या चार आठवड्यांत ते जगभरातील 2 कोटी 20 लाख घरांत पाहिले गेल्याचे नेटफ्लिक्सने सांगितले होते. पुढचे दोन सीझन डिसेंबर 2023 आणि जुलै 2024 मध्ये आले, प्रत्येकी आठ भागांचे.

अपघातात आई, वडील आणि बहीण गमावलेला चा ह्यॉन-सू हा मुलगा ‘ग्रीन होम’ नावाच्या एका जुनाट, पोपडे आलेल्या इमारतीत एकटाच राहायला येतो. त्याला जगण्यात रस उरलेला नाही, आणि तो फक्त ठरवलेल्या दिवसाची वाट पाहत आहे. तो दिवस येण्याआधीच माणसांचे राक्षस होऊ लागतात. आधी नाकातून रक्ताची धार लागते, मग शुद्ध हरपते, आतून कोणीतरी बोलू लागते, डोळे पूर्ण काळे होतात आणि शेवटी शरीर आपला आकार सोडून देते. ही बाधा चावल्याने किंवा स्पर्शाने होत नाही. माणसाच्या मनात जी इच्छा सर्वांत खोल रुतलेली असते, तीच त्याच्या शरीराचा ताबा घेते, हा या कथेचा मूळ नियम आहे.

या नियमामुळेच मालिका मराठी प्रेक्षकाला चटकन समजते, असे मला वाटते. आपली भुते तरी वेगळी कुठे आहेत? मुंज झाली पण लग्न राहिले तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, पुरलेल्या धनावरून जीव उठला नाही तो समंध. आपल्याकडची ही सगळी वर्गवारी राहिलेल्या इच्छेवरून झालेली आहे. कृष्णेच्या घाटावर दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा जमलेले नातेवाईक हात जोडून, ‘पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो, तू काळजी करू नकोस’, असे मोठ्याने सांगतात आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या झाडाकडे लागतात. ‘स्वीट होम’मध्ये फरक एवढाच आहे, की इथे माणूस मरण्याआधीच त्याची वासना बाहेर पडते आणि तिची समजूत घालायला कोणी पुढे येत नाही.

त्यामुळे पहिल्या सीझनमधला प्रत्येक राक्षस हा आधी कोणीतरी शेजारी असतो. बारीक राहण्यासाठी स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या शेजारणीची भूक सुटते. ती ह्यॉन-सूच्या दाराबाहेरून मदतीची याचना करते, आणि दार उघडायचे की नाही या एका प्रश्नावर दिग्दर्शकाने तो प्रसंग इतका ताणला आहे, की माझ्या हातातली भडंगाची वाटी तशीच राहिली. ‘प्रोटीन, प्रोटीन’ असे पुटपुटत फिरणारा स्नायूंचा अवाढव्य गोळा पाहून प्रथम हसू येते, पण व्यायामशाळेतले काही चेहरे आठवले की ते हसू मावळते. सर्वांत अधिक लक्षात राहते ती रिकामी बाबागाडी ढकलत फिरणारी स्त्री. मूल गमावलेल्या या बाईचे जे रूपांतर होते ते अर्भकाच्या आकाराचे आहे, आणि ते पाहताना भीतीपेक्षा संकोच वाटतो. कोणाचे खाजगी दुःख आपण चोरून पाहतो आहोत असा.

माणसांच्या बाजूनेही पहिला सीझन भक्कम आहे. ली दो-ह्यॉनने साकारलेला उन-ह्योक हा वैद्यकीय शिक्षण घेणारा तरुण गटाचे नेतृत्व आपल्याकडे घेतो, आणि बाधा झालेल्यांना आत ठेवायचे की बाहेर काढायचे, यावर रहिवाशांचे मतदान होते. या प्रसंगात एकही राक्षस नाही, तरी मला तोच सर्वांत भयंकर वाटला. पुराच्या तिसऱ्या दिवशी होडी आली तेव्हा पहिल्या फेरीत कोण जाणार, यावर आमच्या जिन्यात झालेली चर्चा मला आठवते. कोणीही आवाज चढवला नव्हता, सगळे ‘अहो-जाहो’ करतच बोलत होते, पण दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे नाव बराच वेळ कोणी घेतले नाही. मालिकेत इमारतीतल्या दुकानाचा मालक बायकोवर हात उगारतो आणि संकटातही माल आपलाच असल्यासारखा वागतो. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने त्या आठवड्यात मेणबत्त्यांचा भाव काय लावला होता ते इथे लिहीत नाही, पण ते पात्र पाहताना घरात सगळ्यांच्या तोंडून एकच आडनाव निघाले.

सॉंग कांगने ह्यॉन-सूचा खांदे पाडून वावरणारा एकाकीपणा संयमाने दाखवला आहे. गो मिन-सीची उन-यू ही तोंडाळ, दुखावलेली बॅले नर्तकी मला त्याच्याहूनही अधिक आवडली. चाकांच्या खुर्चीत बसून विजेचा भाला तयार करणारे हान दू-शिक हे किम सांग-हो यांचे काम तर खास आहे. प्रत्येक वाड्यात एक काका असे असतात, ज्यांच्या खोलीत कुठल्याही वस्तूचा सुटा भाग सापडतो. ली शी-यंगची अग्निशामक दलातली स्त्री मूळ वेबटूनमध्ये नाही. तिचा दोर मालिकेसाठी नव्याने वळलेला असल्याचे पहिल्या सीझनमध्ये जाणवत नाही, पुढे मात्र त्याच्याच गाठी सुटत नाहीत.

उणिवा आहेत. अंगावर मुखवटा-पोशाख चढवून केलेले राक्षस जिवंत वाटतात, पण संगणकावर तयार केलेले काही राक्षस रबरी दिसतात. मारामारीच्या ऐन क्षणी इमॅजिन ड्रॅगन्स या अमेरिकी बँडचे ‘वॉरिअर्स’ हे गाणे दणक्यात सुरू होते आणि सगळी दहशत एखाद्या जाहिरातीसारखी वाटू लागते. ते एकदा झाले असते तर चालले असते, पण ते पुनःपुन्हा होते.

दुसऱ्या सीझनमध्ये कथा इमारतीबाहेर पडते आणि तिथेच माझ्या मते मालिका हातची जाते. आता लष्कर आहे, प्रयोगशाळा आहे, निर्वासितांनी भरलेले स्टेडियम आहे आणि नव्या पात्रांची रांग आहे. ज्याच्यासाठी आपण थांबलो होतो तो ह्यॉन-सू बराच वेळ दिसतही नाही. खर्च कमी पडला असे कुठेही वाटत नाही. अडचण अशी आहे, की स्टेडियममधल्या माणसांची ओळख होण्याआधीच त्यांचे राक्षस होतात. कोणाची कोणती इच्छा राहिली होती हे ठाऊक नसताना समोर येणारा राक्षस म्हणजे फक्त मोठे, ओले जनावर. पहिल्या सीझनची सगळी ताकद ज्या नियमात होती, तो नियम इथे कागदावर उरतो.

तिसऱ्या सीझनमध्ये (ज्यांना कथा आधी कळलेली चालत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा) कोषातून बाहेर पडणारे ‘नवमानव’ येतात, ज्यांच्यात भावना उरलेली नाही. म्हणजे वासना निवालेली माणसे. कल्पना उत्तम आहे, आणि तशा थंड नजरेने परतलेला उन-ह्योक आपल्या बहिणीसमोर, उन-यूसमोर, उभा राहतो तेव्हा जुन्या इमारतीची धग क्षणभर परत येते. परंतु तोवर इतके धागे सुटे झालेले असतात, की लेखकांचा बराच वेळ ते गुंडाळण्यातच जातो.

ही मालिका प्रौढांसाठी आहे. रक्तपात भरपूर आहे, शिवाय आत्महत्येचा विचार, शाळेतली छळवणूक आणि घरातली मारहाण हे विषय आडपडदा न ठेवता येतात. ज्यांना त्यांचा त्रास होतो त्यांनी टाळावी. पाहायचीच असेल, तर मूळ कोरियन आवाज ठेवून इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावी, कारण राक्षसांची अर्धवट वाक्ये माणसाच्या खऱ्या आवाजातच अंगावर येतात. पहिल्या सीझनचे दहा भाग सलग दोन-तीन रात्रींत संपवावेत. दुसरा सुरू करून कंटाळा आला, तर तिसऱ्यात उन-यू आणि उन-ह्योक समोरासमोर येतात तेवढे प्रसंग पाहिले तरी पुरे. आमच्या आईने मात्र बाबागाडीच्या भागानंतर पाहणे थांबवले, आणि त्या बाईचे पुढे काय झाले, हे ती अजून अधूनमधून विचारते.