एक दिवसाची मोहीम की सत्रभराचा सेवाप्रकल्प?

सहावी ते आठवीच्या वर्गासाठी एक दिवसाची स्वच्छता मोहीम आखणं सोपं: हातमोजे, पोती, पालकांची परवानगी, 2-3 तास. पण कचरा उचलून मुलं थेट घरी गेली, तर हाती फारसं काही लागत नाही. निदान तो वेगवेगळा करून मोजायला लावा. प्लास्टिक किती, कागद किती, आणि तो आला कुठून.

सत्रभराचा प्रकल्प आम्हाला कितीतरी मोलाचा वाटतो. त्यात मुलं आधी परिसर पाहतात, लोकांशी बोलतात, प्रश्नाचं कारण शोधतात, मग उपाय करून पाहतात आणि शेवटी काम लोकांसमोर मांडतात. त्यासाठी 8-10 आठवडे, दर आठवड्याला किमान 1 तासिका हवी. गट 4-5 जणांचा ठेवा. मोठ्या गटात दोघं राबतात, बाकीचे बघत बसतात.

प्रकल्प बहुधा फसतो तो विषय शिक्षकांनीच ठरवल्यामुळे. आपल्या मताला किंमत आहे का, हे या वयात मुलं फार बारकाईने पाहत असतात. दुसरी चूक म्हणजे अनुभवाची वही थेट शेवटच्या आठवड्यात उघडणं. प्रत्येक भेटीनंतर लगेच 10 मिनिटं द्या: काय पाहिलं, ते का घडतं, आता पुढे काय करायचं.