सेमिनारला अथेन्स घ्यावं की स्पार्टा?

भाचीला एम.ए.च्या सेमिनारसाठी ग्रीक राज्यव्यवस्था हवीय, पण नगर ठरत नाहीये. चित्रपटातला लाल झग्यांचा स्पार्टा बाजूला ठेवून बोलू.

पुराव्यात अथेन्स सरळ पुढे. दगडावर कोरलेले ठराव आहेत, खापऱ्या तर हजारोंनी सापडल्यात. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर खरवडायचं. पुरेशी मतं पडली की तो १० वर्षं हद्दपार. इराण्यांविरुद्ध सलामिसची आरमारी लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीसही सुटला नाही! स्पार्टाने स्वतःबद्दल फारसं लिहिलंच नाही, बहुतेक वर्णनं बाहेरच्यांची.

सत्ता कोणाकडे? अथेन्समध्ये इ.स.पू. ५०८च्या क्लेइस्थेनीसच्या सुधारणांनंतर सामान्य नागरिकाला सभेत मत, पुढे ५०० जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून. बायका, गुलाम, परके मात्र बाहेरच. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे, दरवर्षी निवडलेले ५ एफोर (कारभार पाहणारे अधिकारी) आणि साठी ओलांडलेले २८ वृद्ध. या वृद्धांची निवड आरोळ्यांवर व्हायची. खोलीत बंद बसलेले परीक्षक आवाज कोणासाठी मोठा हे ठरवत. शेती चालायची राबणाऱ्या हेलॉटांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलामांसारख्या लोकांच्या जिवावर. बायकांना जमीन बाळगता येई, हे अथेन्सला जमलं नव्हतं.

टिकाऊपणा? अथेन्सची लोकशाही दोन खंड सोडता इ.स.पू. ३२२पर्यंत चालली. स्पार्टाचा दबदबा इ.स.पू. ३७१ला ल्युक्ट्राच्या लढाईत मोडला.

वेळ कमी आणि मूळ साधनं हवी असतील तर अथेन्स. दंतकथेतून इतिहास वेगळा काढायची हौस असेल, गाइडही चिवट असतील, तर स्पार्टा.