लाँड्रीसाठी पीएमईजीपी: अनुदान खरे, पण हातात लगेच नाही

गोव्यात म्हापसा-मडगावात नवी लाँड्री टाकायची तर छोट्या धंद्यांच्या मुद्रा कर्जापेक्षा पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बँक कर्जावर केंद्राचे अनुदान) सरस. सेवा उद्योगात 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात 15, ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. पदरचे 10 टक्के. अनुदान मात्र तीन वर्षे बँकेतच अडकून राहते. कर्जातल्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, एवढाच दिलासा. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. चालू दुकानाने मुद्राच पाहावे. मुद्राच्या ‘किशोर’ नावाच्या कर्जगटात 5 लाखांपर्यंत मिळतात.

बहुतेकांचे गणित प्रकल्प अहवालातच चुकते. वॉशर, ड्रायर, स्टीम प्रेसची कोटेशने जोडतात. थ्री-फेज जोडणी आणि टँकरचे पाणी विसरतात. पावसाळ्यात ड्रायर दिवसभर चालतो, हॉटेलांच्या चादरी मात्र घटतात. हप्ता डिसेंबरच्या गल्ल्यावर नव्हे, जुलैच्या गल्ल्यावर बेतावा.